लाव्हेर्नचं पाचवं विमान

एलुआ सोलिएला उंचीची भीती वाटत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण फ्रेंच सैन्याच्या त्यांच्या फुगा-कंपनीत त्याची चेष्टा व्हायची ती याच गोष्टीवरून, आणि ती चेष्टा साफ चुकीची होती. हजार मीटरवर, फुग्याखाली लटकणाऱ्या वेताच्या टोपलीत उभं राहून खाली बघताना त्याला कधी भोवळ आली नाही. लढाईआधी सेत गावात तो जमिनींचे नकाशे काढायचा. वरून दिसणारी शेतं, रस्ते, खंदक बघताना त्याला उलट घरच्यासारखं वाटायचं. शत्रूच्या तोफा कुठे लपल्यात ते शोधायचं, आपला गोळा कुठे पडला ते फोनवरून खाली सांगायचं, एवढंच त्याचं काम.

त्याला भीती वाटायची ती जळण्याची. डोक्यावर एवढा मोठा फुगा, आत ठासून भरलेला वायू, त्यात एक पेटती गोळी शिरली की आटोपलं. जून महिन्यात त्यांच्या टापूतले सात फुगे असे जळाले होते, आणि सातही एकाच माणसाने जाळले होते. तो जर्मन वैमानिक कोण, त्याचं नाव काय, कुणाला ठाऊक नव्हतं. मातकट पिवळं विमान आणि शेपटीजवळ दोन काळे पट्टे. चर्चमधला सेवक प्रार्थनेआधी एकामागून एक मेणबत्त्या पेटवत जातो ना, तसा हा रांगेतले फुगे पेटवत जायचा. म्हणून शिपायांनी त्याला नाव ठेवलं मेणबत्तीवाला. नाव घेताना हसायचे, पण हसून झालं की आधी आभाळाकडे बघायचे.

त्याच्यासाठी खास हुकूम निघाला होता. दोन काळे पट्टे दिसले की काही विचारायचं नाही, टापूतले सगळे फुगे ताबडतोब खाली ओढायचे. दुसरं कुठलंही विमान आलं तर तोफांचं काम थांबवायचं नाही; जमिनीवरच्या दोन मशीनगन बघून घेतील. शिवाय रोज पहाटेपासून लेफ्टनंट लाव्हेर्नची चार विमानं फुग्यांच्या वर घिरट्या घालायची. त्यांची घरघर ऐकू आली की मगच एलुआच्या घशाखाली कॉफी उतरायची.

त्या मंगळवारी दुपारी मेणबत्तीवाला एकटाच आला आणि लाव्हेर्नने ढगातून उतरून त्याला मागून गाठलं. मशीनगन कडकडली. पिवळं विमान कलंडलं, धूर सोडत, गरगरत खाली गेलं आणि टेकडीमागे दिसेनासं झालं. खंदकांतले शिपाई टोप्या उडवायला लागले. फोनवर कॉर्पोरल बुस्के बेंबीच्या देठापासून ओरडत होता. हा बुस्के मार्सेयचा, खाली फुग्याची तार गुंडाळणाऱ्या रहाटावर असायचा, आणि त्याचं तोंड कधी मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"गेला! विझली मेणबत्ती! सोलिएसाहेब, पाहिलंत की नाही?"

सोलिएने पाहिलं होतं. टेकडीच्या पलीकडचं फक्त त्यालाच दिसत होतं, कारण बाकीचे फुगे हुकुमाप्रमाणे खाली ओढून झाले होते आणि त्याचाच अजून उंचावर होता. झाडांच्या शेंड्यांपासून वीसेक मीटरवर ते विमान सावरलं. धूर थांबला. ते सरळ झालं, नदी ओलांडून गेलं आणि निवांतपणे आपल्या घरी चालतं झालं. एलुआने दुर्बीण खाली केली. खाली इतका जल्लोष चालला होता, की त्याने तोंडच उघडलं नाही.

संध्याकाळी लाव्हेर्न मोटारीतून आला, बुस्केच्या माणसांसाठी एक अख्खं सुकवलेलं हॅम आणि दोन बाटल्या वाईन घेऊन. तेवीस वर्षांचा, हडकुळा, डोळ्यांखाली काळं. सगळ्यांशी हातमिळवणी झाल्यावर तो एलुआला वायूच्या नळकांड्यांच्या मागे घेऊन गेला आणि खिशातून कागद काढला.

नियम असा होता, की पाडलेलं विमान वैमानिकाच्या नावावर चढायचं तर त्याच्या पथकाबाहेरच्या माणसाची लेखी साक्ष हवी. 'पडताना दिसलं' हे चालत नव्हतं. 'जमिनीवर आदळताना पाहिलं' असंच हवं. लाव्हेर्नने पाडलेली चार विमानं अशी पक्की झाली होती. पाचवं झालं की तो एक्का, मग सैन्याच्या पत्रकात नाव आणि साऱ्या देशात गाजावाजा.

"तुमची जागा सगळ्यांत चांगली होती, सार्जंट," लाव्हेर्न म्हणाला. "करा इथे सही."

"साहेब, तो पडला नाही. झाडांवरून सावरला आणि निघून गेला."

"नजर चुकली असेल तुमची."

"माझं पोटच नजरेवर आहे, साहेब."

लाव्हेर्नने सिगारेट पेटवायचा प्रयत्न केला. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. मग तो एका नळकांड्यावर बसला आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागला.

"चौदा महिने झाले मला. बारा जण एकत्र आलो होतो, आता मी एकटा उरलोय. सकाळी बूट घालताना माझे पाय मला जुमानत नाहीत, नोकराला घालावे लागतात. आमचा मेजर म्हणालाय, एक्का झालास की तुला नवे वैमानिक शिकवायला शाळेत पाठवतो, मागे, डोंगरांच्या पायथ्याकडे. एकच हवंय हो मला. एकच."

 एलुआला त्या पोराची दया आली, पण दयेपोटी कुणी खोटी सही करत नाही. लाव्हेर्नलाही ते कळलं असावं.

"आणि रोज पहाटे तुमच्या डोक्यावर कोण असतं, सार्जंट?" तो कागदाकडे बघत म्हणाला. "उद्या आमची इंजिनं दहा मिनिटं उशिरा तापली, तर मला कुणी जाब विचारणार नाही."

बोलून तो स्वतःच ओशाळला. पण शब्द मागे घेतले नाहीत.  रिकामं आभाळ आणि त्यात ते पिवळं विमान, असं चित्र एलुआच्या डोळ्यांसमोर इतकं लख्ख उभं राहिलं, की त्याने मुकाट्याने पेन्सिल घेतली. नकाशावर गावांची नावं लिहायच्या आपल्या सुबक अक्षरात त्याने लिहिलं, 'विमान जमिनीवर आदळून पेटताना स्पष्ट पाहिलं', आणि खाली सही केली. आपण जीव वाचवला असंच त्याला त्या क्षणी वाटलं. भ्यालेला माणूस उद्याच्या सकाळपलीकडे बघतच नाही.

पुढचे तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. फुगे जमिनीवरच राहिले. चौथ्या दिवशी पत्रक आलं. त्यात लाव्हेर्नचं नाव होतं, आणि त्यामागोमाग दुसरा एक हुकूम होता. मेणबत्तीवाला मेला, सबब या टापूतल्या फुग्यांना आता विशेष धोका नाही. लाव्हेर्न शाळेत. त्याची चार विमानं दुसऱ्या आघाडीवर. आणि दोनपैकी एक मशीनगनही उचलून नेली.

बुस्केने हे सगळं खुशीत वाचून दाखवलं. एलुआने तोंडाशी नेलेला सूपचा डबा तसाच खाली ठेवला.

"काय झालं, साहेब? पांढरेफटक पडलात."

"काही नाही. गरम आहे."

तो तडक कंपनीचे प्रमुख कॅप्टन मार्सोलिए यांच्या तंबूकडे गेला. वाटेत त्याने वाक्य तोंडपाठ केलं होतं: साहेब, मी खोटं लिहिलं. चार शब्द. कॅप्टनने पत्रक कापून तंबूच्या खांबाला टाचून ठेवलं होतं.

"या, सोलिए, या! आपल्या कंपनीचं नाव काढलंत. साक्षीदार आपला! जनरलसाहेबांनी स्वतः विचारलं, हा सार्जंट कोण म्हणून. बोला, काय काम काढलंत?"

खोट्या साक्षीला लष्करी न्यायालय काय देतं, हे एलुआला माहीत होतं. तुरुंग तर नक्कीच. वर्षाच्या सुरुवातीला शेजारच्या पलटणीतल्या दोघांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या, त्या कशासाठी हे त्याला नीटसं माहीत नव्हतं आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती.

"पोटात दुखतंय, साहेब," तो म्हणाला.

"मग सूप कमी प्या," कॅप्टन हसून म्हणाला. "उद्या आभाळ मोकळं होतंय. नवा माणूस देतोय तुमच्याबरोबर, शिकवा त्याला."

नवा माणूस म्हणजे सब-लेफ्टनंट प्रोस्पेर गिनार. तोफखान्यातला, वय चाळीस, जाड भिंगांचा चष्मा. ल मान्सच्या शाळेत गणित शिकवायचा. टोपलीत चढताना त्याने पॅराशूटचे पट्टे दोनदा उलटे बांधले, आणि बुस्केला पर्वणीच मिळाली.

"मास्तर, ही पिशवी टोपलीच्या बाहेरच राहते, बरं का. तुम्ही फक्त उडी मारायची. बाकी पृथ्वी बघून घेते!"

"किती सेकंदांत उघडतं हे?" गिनारने गंभीरपणे विचारलं.

"उघडलं तर तीन," बुस्के म्हणाला, आणि रहाट सुटला.

वर गेल्यावर गिनार हरखून गेला. त्याने खिशातून ब्रेड आणि चीजचा तुकडा काढून अर्धा एलुआला दिला. एलुआने तो तसाच खिशात ठेवला. डावीकडे एक फुगा, उजवीकडे एक, आणि वर काहीच नाही. इंजिनांची घरघर नाही. वाऱ्याने दोर तेवढे कुरकुरत होते. त्याचे डोळे तोफांवर ठरत नव्हते, सारखे सूर्याकडे जात होते, कारण तो यायचा तो सूर्याच्या बाजूने.

तोफांच्या तिसऱ्या बॅटरीचं काम सुरू झालं. फोनची लाइन एकच होती. तीन बॅटऱ्या, डिव्हिजनची कचेरी, कॅप्टन आणि बुस्के, सगळ्यांच्या कानाला तीच.

"पन्नास मीटर उजवीकडे," एलुआ सांगत होता. "आता लांब पडला."

"सार्जंट," गिनार म्हणाला, "ते आपलं विमान का?"

एलुआने दुर्बीण वळवली. ठिपका मोठा झाला. मातकट पिवळा. वळताना शेपूट दिसली.

"एक विमान," तो फोनवर म्हणाला. 

"खूण काय?" कॅप्टनने विचारलं. "साधं असेल तर चालू ठेवा, दोनच गोळे उरलेत. खूण सांगा, सोलिए."

दोन काळे पट्टे. एवढंच सांगायचं होतं. पण लाइनवर सगळे ऐकत होते. मेलेल्या माणसाचे पट्टे कुठून आले, असं कुणीतरी विचारणार होतं. एलुआच्या डोळ्यांसमोर ती भिंत आली. एका भीतीने पुढे ढकललं, दुसरीने मागे ओढलं, आणि जी जवळची होती ती जिंकली.

"खूण दिसत नाही, साहेब. साधंच असावं."

"मग चालू ठेवा."

"पण शेपटीजवळ काळे पट्टे आहेत ना?" गिनार डोळे बारीक करून म्हणाला. तो नवा होता, त्याला काय माहीत. "दोन आहेत. ही कसली खूण, सार्जंट?"

एलुआने त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, चार सेकंद की पाच, ते त्याला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. मग तो किंचाळला.

"ओढा! खाली ओढा!"

रहाट गुरगुरला, पण पिवळं विमान समोर येऊन ठेपलं होतं. खालची एकुलती एक मशीनगन उगाच कडकडत राहिली. वर फुग्यात काहीतरी फसफसलं, कढईत पाणी पडावं तसं.

"उडी मारा, साहेब!"

"आत्ता?" गिनारने विचारलं. त्याने चष्मा काढला, नीट घडी करून खिशात ठेवला, आणि डोळे मिटून तो गेला. त्याच्यामागे एलुआ.

एलुआचं पॅराशूट उघडलं तेव्हा वर सगळं आभाळ पेटलं होतं. फुग्याची दोन शकलं झाली. एक त्याच्या बाजूने खाली गेलं, इतक्या जवळून की भुवया जळाल्या. खाली गिनारची पांढरी छत्री तरंगत होती. ते जळतं कापड सावकाश तिच्यावर जाऊन पसरलं. एलुआ ओरडला, पण त्या ओरडण्याचा काय उपयोग! छत्री क्षणात काळी पडली आणि तिच्याखालचा माणूस दगडासारखा खाली गेला. एलुआला ते सगळं वरून, स्वच्छ दिसलं. त्याची नजर उत्तमच होती.

तो बीटच्या शेतात पडला. बुस्के धावत आला, त्याला उचलायला लागला आणि पहिल्यांदाच त्याला काही बोलायला सुचलं नाही.

दुपारी एलुआ कॅप्टनच्या तंबूत गेला. या वेळी त्याने वाक्य पाठ केलं नव्हतं.

"साहेब, तो मेणबत्तीवालाच होता. तो मेलाच नव्हता. मी खोटी सही केली. आणि आज मला पट्टे दिसले होते."

कॅप्टनने उठून तंबूचा पडदा ओढून घेतला. मग तो खांबावरच्या पत्रकाकडे वळला.

"पट्टे कुणीही रंगवू शकतो," तो म्हणाला.

"साहेब, मी खोटं—"

"हे पत्रक साऱ्या देशाने वाचलंय, सोलिए. जनरलसाहेबांनी वाचलंय. माझी शिफारस आहे त्यावर. तुम्हाला धक्का बसलाय. घोटभर ब्रँडी घ्या आणि पडून राहा. नवा फुगा आलाय. उद्या सहाला वर."

"आणि वर आपली विमानं?"

"कशासाठी? मेणबत्तीवाला मेलाय." कॅप्टनचा आवाज थरथरला. तोही घाबरलाय, हे एलुआला तेव्हा कळलं. "जा आता. मी काही ऐकलेलं नाही."

सकाळी सहाला तो एकटाच वर गेला. हवा स्वच्छ होती. डावीकडचा फुगा वर आला होता, उजवीकडचाही. प्रत्येकात दोन-दोन माणसं. डावीकडच्या एकाने त्याला बघून हात हलवला. एलुआने हात हलवला नाही. त्याने दोन्ही हातांनी फोन धरला होता.

"पहिली बॅटरी, हजर." "दुसरी, हजर." "तिसरी, हजर." "डिव्हिजन कचेरी, हजर."

"सुरू करा, सोलिए," कॅप्टन म्हणाला.

"मी सार्जंट एलुआ सोलिए," तो म्हणाला. दातांवर दात आपटत होते, म्हणून तो थांबून थांबून बोलला. "गेल्या मंगळवारी टेकडीमागे कुठलंही विमान पडलं नाही. मी भ्यालो म्हणून खोटी सही केली. दोन काळे पट्टेवाला—"

"लाइन तोडा!" कॅप्टन ओरडला. "बुस्के, लाइन तोड!"

"तोडतो, साहेब, तोडतो," बुस्केचा आवाज आला. "मेली पक्कडच सापडत नाहीये."

"दोन काळे पट्टेवाला जिवंत आहे. काल त्यानेच लेफ्टनंट गिनारना जाळलं. मला पट्टे दिसले होते. दिसत नाहीत असं मी सांगितलं. बाकीचे दोन्ही फुगे खाली घ्या. वर कुणी नाहीये त्यांच्या. खाली घ्या!"

लाइन तुटली नव्हती. बुस्केचा श्वास ऐकू येत होता.

"तिसऱ्या बॅटरीने ऐकलं," कुणीतरी म्हणालं. गिनार याच बॅटरीतून आला होता.

"पहिलीने ऐकलं."

"दुसरीने ऐकलं."

राहिली डिव्हिजन कचेरी. एलुआ सूर्याकडे बघत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"डिव्हिजन कचेरीने ऐकलं," एक म्हातारा आवाज म्हणाला. "सगळे फुगे खाली. आणि सार्जंटला रहाटापाशी ताब्यात घ्या."

डावीकडचा फुगा हलला आणि उतरायला लागला. मग उजवीकडचा. हात हलवणारा माणूस काय झालं म्हणून इकडेतिकडे बघत होता. दोन्ही टोपल्या जमिनीला टेकेपर्यंत एलुआची नजर त्यांच्यावरून हलली नाही. मगच त्याने आपल्या पायांखाली पाहिलं. रहाटापाशी दोन लष्करी पोलीस येऊन उभे होते, आणि त्यांच्याजवळ हात पाठीमागे घेऊन कॅप्टन. त्यांना बघून एलुआने टोपलीचा काठ धरला. आजवर वर जाताना त्याची कधी अशी पाचावर धारण बसली नव्हती.

"साहेब," बुस्के फोनवर अगदी हळू म्हणाला, "मी सावकाश ओढू शकतो. रहाट जुना आहे. म्हणाल तर अर्धा तास लावतो."

एलुआने एकदा रिकाम्या आभाळाकडे पाहिलं.

"नको रे," तो म्हणाला. "ओढ."